बुढीचं पाणी

मला मिठाची चव लागत नाही, हे खाणीत कुणालाही ठाऊक नव्हतं. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपणा करायला लागलो तर तुम्ही मला तिथंच गप्प बसवाल.

गेल्या पावसाळ्यात ताप आला. पंधरा दिवस खाटेवर होतो. उठलो तेव्हा तोंडाला चवच नाही. मग हळूहळू गूळ कळायला लागला, लिंबू कळायला लागलं, मिरची तर पहिल्याच दिवशी कळली. मीठ मात्र गेलं ते गेलंच. जन्म मिठाच्या डोंगरात, बाप मिठात राबला, आजा मिठात राबला, आणि मलाच मिठाचा पत्ता नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी पोट धरून हसलो असतो.

पण आमचं घर जिभेचं घर. आमच्या खाणीत तीन ठिकाणी छतातून पाणी गळतं. रोज सकाळी पहिली गाडी आत जायच्या आधी ते बोटावर घ्यायचं, चाखायचं आणि वहीत लिहायचं, खारं की फिकं. खारं असेल तर घोर नाही. पोटभर मीठ पिऊन आलेलं पाणी खाणीच्या मिठाला हात लावत नाही. फिकं पाणी भुकेलं असतं. ते खांब खातं, छत खातं, आणि आवाज न करता खातं. इंग्रजांच्या काळात आजा चाखायचा, मग चाळीस वर्षं अब्बा, मग मी. साहेब लोकांनी एकदा शहरातून यंत्र आणून लावलं होतं. चार महिन्यांत गंजून त्याचा भुगा झाला. "सरबुलंद, तुझी जीभच बरी," साहेब म्हणाले होते, आणि मी छाती काढून घरी आलो होतो.

गावात लग्न असलं की आचारी मला बोलावून देगीतला सालनाचा रस्सा चाखायला लावतो. मी मान हलवली की पंगत बसते. गेल्या वसंतात लोहाराच्या घरी मी अशीच मान हलवली, आणि मग बघतो तर सगळी पंगत पाण्याचे तांबे रिचवतेय. कुणी चकार शब्द काढला नाही. अब्बांच्या नावाचा मान. माझी बायको रेशमां बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्याही हातात तांबा होता, पण ती पीत नव्हती. फक्त माझ्याकडे बघत होती.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? कबूल करायचं? खाणीकडून मिळालेली खोली गेली असती, अब्बांचं नाव गेलं असतं. शिवाय मी मनाची समजूत घातली होती, की ऐंशी वर्षांत कधी फिकं झालं नाही, ते माझ्याच नशिबी कशाला होईल? तर रोज सकाळी बोट लावायचो, कुणी बघत असलं तर डोळे मिटून नाटकही करायचो, आणि लिहायचो, खारं. अकरा महिने.

आणि त्याच पाण्याच्या खाली, खाणीतल्या तळ्याच्याही खालच्या दालनात, माझा एकुलता एक मुलगा अजमत चौदा माणसांची टोळी घेऊन मीठ फोडत होता. तो त्यांचा मेट. मेट आधी उतरतो आणि शेवटी वर येतो. आमच्याकडे ती रीतच आहे.

त्या दिवशी रविवार होता. सकाळी तिन्ही ठिकाणी खारं लिहून मी बाहेर आलो तर लाहोरची बस उभी. चाखण्याचं काम संपलं की मी पाहुणे फिरवतो. अर्ध्या दिवसाची सहल, साडेनऊला आत, एकला बाहेर, दीडला बसमध्ये कोंबायचं. सव्वीस जण होते. कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या, चिप्सच्या पिशव्या, सगळा बाजार बरोबर.

"आत फार थंडी असते का हो?" एका बाईंनी विचारलं.

"बाई, बाहेर बेचाळीस आहे. आत थंडी वाटली तर अल्लाचे आभार माना," मी म्हणालो.

त्यांच्यात एक म्हातारी होती, हाकम बीबी नावाची. सरगोध्याकडची, काठी टेकत चालणारी, पण तोंड असं की गाडीच्या इंजिनाची गरजच पडू नये. बरोबर तिचा मुलगा, डॉक्टर तौसीफ. तो तिच्या कोपराला धरून पोलिसासारखा चालत होता.

"अम्मां, भिंतीला हात लावायचा नाही," तो सारखा म्हणत होता.

"का रे? भिंत चावते का?"

"हात लावशील आणि मग बोटं चाटशील. ओळखतो मी तुला. रक्तदाब किती झालाय, माहीत आहे ना?"

"ऐका हो," म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली. "सहा वर्षं झाली, या कसायानं माझ्या ताटात मीठ पडू दिलेलं नाही. आणि आज मला फिरायला कुठं आणलंय, तर मिठाच्या खाणीत! याला मुलगा म्हणायचं की सूड?"

सगळे हसले. मीही हसलो. खाणीची छोटी रेल्वेगाडी आत निघाली, मागे उजेडाचा ठिपका लहान होत गेला, आणि लोक नेहमीसारखे गप्प झाले. शंभर पावलं आत गेलं की सगळे गप्प होतात. मोठे मोठे साहेब होतात.

मिठाच्या विटांची मशीद दाखवली. मागे दिवा लावल्यावर गुलाबी उजेड येतो, तिथं सगळ्यांनी फोटो काढले. आरशांचं दालन दाखवलं. म्हातारी प्रत्येक ठिकाणी मुलाची पाठ वळली की भिंतीवर बोट घासायची आणि तोंडात घालायची.

"वाह," माझ्या कानाशी येऊन म्हणायची. "हे जरा कडवट आहे. मघाचं छान होतं."

"अम्मां, मला नोकरीतून काढायला लावाल."

"गप रे. सहा वर्षांनी भेटलंय मला. एक कण जरी असला ना, तरी सांगते मी कुठला ते."

मला त्या म्हातारीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

मग आम्ही तळ्यापाशी आलो. काळं, काचेसारखं पाणी, आणि त्याच्यावर मिठाचा पूल. खांब नाही, लोखंड नाही, नुसतं मीठ. पलीकडे एक दालन आहे. जायला यायला तेवढा एकच रस्ता. त्या दालनाच्या टोकाला छतातून सगळ्यात मोठी गळती आहे. तिला आमच्याकडे बुढी म्हणतात. बुढी टिपकते त्या जागी छताला मिठाची पांढरी वेणी लोंबायची, हातभर लांब. पाहुण्यांना मी ती दाखवायचो. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून ती वेणी बारीक होत चालली होती, आणि मागच्या आठवड्यात ती खाली पडलेली दिसली. कुणा पाहुण्याचं डोकं लागलं असेल, असं मी मुकादमाला सांगितलं. आणि तिथं कुणाचंही डोकं पोचत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

पुलावर पाय ठेवला आणि मी थांबलो. तळ्याचं पाणी नेहमी मेल्यासारखं निश्चल असतं. त्या दिवशी त्याच्यावर बारीक थरथर होती. खालून टोळीच्या ड्रिलचा आवाज येत होता, त्याच्यामुळे असेल म्हटलं. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

"चला, चला, पाच पाच जण," मी ओरडलो आणि सगळ्यांना पलीकडे नेलं.

दालनात नेहमीचं भाषण सुरू केलं. आजाची गोष्ट, अब्बांची गोष्ट, जिभेचं घर. ही गोष्ट पाहुण्यांना फार आवडते. बुढी टिपकत होती. पूर्वी दोन थेंबांच्या मध्ये माझा कलमा म्हणून व्हायचा. आता थेंब थेंबाच्या पाठीवर पडत होता.

"म्हणजे तुम्ही चाखून सांगता, खाण सुरक्षित आहे की नाही?" डॉक्टरनं विचारलं.

"रोज सकाळी," मी म्हणालो. "आजही."

एवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला.

"अरे, ही तर फसवणूक आहे!"

वळून बघतो तर ती बुढीखाली ओंजळ धरून उभी. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

"अम्मां!" डॉक्टर धावला.

"थांब रे. अहो जिभेचं घर, इकडे या. हे कसलं खारं? हे तर आमच्या विहिरीचं पाणी. थोडी खारट झाक आहे मागे, बस. पैसे घेऊन गोडं पाणी दाखवता होय?"

लोक हसले. तोंडावर हसू तसंच ठेवून मी बोट लावलं, जिभेवर ठेवलं. काही नाही. गेले अकरा महिने जे होतं तेच, काही नाही.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "जरा तुम्ही चाखता?"

"मी?"

"चाखा हो. मेहरबानी करा."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्यानं मुकाट्यानं बोट लावलं. "फिकंच आहे," तो म्हणाला. "किंचित खारट. का? काय झालं?"

डोक्यात एकच गोष्ट, खाली अजमत आहे. पण सव्वीस माणसं पलीकडे न्यायची होती, आणि मी ओरडलो असतो तर ती सगळी एकदम पुलावर धावली असती.

"वीज जाणार आहे," मी टाळ्या वाजवत म्हणालो. "वरून निरोप आहे. आता झटपट बाहेर. पाच पाच जण, धावायचं नाही, फोटो नाहीत, पुलावर थांबायचं नाही."

"पण आमचा चहा राहिलाय ना आतला?" मघाची बाई म्हणाली.

"चहा बाहेर पाजतो, बाई. माझ्या पदरचा. चला!"

पाच गेले. दहा गेले. दर खेपेला मी पुलाच्या मधोमध बघत होतो. कडेवर एक रेघ होती, केसाएवढी. ती सकाळी होती की नाही, हे मला आठवेना. सकाळी मी बघितलंच कुठं होतं? खारं लिहायची घाई होती.

शेवटी म्हातारी आणि मी उरलो. डॉक्टरला मी पुढे पाठवलं होतं, बायकांना हात द्यायला. म्हातारी माझ्या दंडाला धरून पुलावर आली आणि मध्येच थांबली.

"चला ना, अम्मां."

"वीजबीज काही जात नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तू ते पाणी चाखलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. तुला कळलंच नाही. होय ना?"

मी नजर वळवून त्या केसाएवढ्या रेघेकडे बघितलं.

"किती दिवस?"

"अकरा महिने," मी म्हणालो. पहिल्यांदाच तोंडातून निघालं ते, आणि ते या परक्या बाईसमोर, पाण्याच्या वर.

"खाली आवाज येतोय तो कुणाचा?"

"चौदा माणसं. त्यात माझा मुलगा."

"मग मला कशाला धरून बसलायस, मेल्या?" तिनं माझा हात झटकला. "मला चालता येतं. पळ!"

पळालो. पुलाच्या अलीकडे भिंतीला फोन आहे. मलिकसाहेब, आमचे वरचे अधिकारी, वर कचेरीत होते.

"साहेब, भोंगा वाजवा. बुढी फिकी झालीय."

"काय? माझ्यासमोर वही आहे. आजचीच तारीख, तुझं अक्षर, खारं."

"खोटं लिहिलंय, साहेब."

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "सरबुलंद, नीट विचार करून बोल. पाहुण्यांना बाहेर आण. टोळीची पाळी संपायला दोनच तास आहेत, संपू दे. उद्या मी स्वतः येतो, आपण दोघं गुपचूप बघू. वहीत कालपरवापासून फिकं होत होतं असं लिहून टाकू. तुझ्या घराण्याचं नाव आहे, मी ते धुळीला मिळू देणार नाही."

आणि तुम्हाला खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. फोन कानाला धरून मी मनात हिशेब लावत होतो, दोन तास, अकरा महिने काही झालं नाही, दोन तासांत काय होणार? स्वतःचा मुलगा खाली, आणि मी हा विचार केला. त्याबद्दल अल्लानं मला माफ करावं. मी स्वतः तर केलेलं नाही.

"साहेब," मी म्हणालो, "मला मिठाची चव लागत नाही. गेल्या पावसाळ्यापासून. वहीतली एकही ओळ खरी नाही. किती महिन्यांपासून फिकं आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. भोंगा वाजवा, नाहीतर मी खाली उतरतो."

भोंगा वाजला.

खालच्या टोळीचा रस्ता वेगळा आहे, ती चढणीनं थेट तोंडापाशी येते. तिथं पाटीवर चौदा खिळे आहेत. उतरताना प्रत्येकजण खिळ्यावरचा आपला पितळी बिल्ला घेतो, वर आला की परत टांगतो. मी पाहुण्यांना बसपाशी सोडून त्या पाटीसमोर उभा राहिलो. एक बिल्ला टांगला गेला. तीन. सात. माणसं खोकत, शिव्या घालत येत होती. "काय झालं, चाचा? फिकं?" मी मान हलवत होतो. बारा. तेरा. मग कुणी येईना.

"अजमत कुठंय?" मी विचारलं.

"येतोय मागून. कुणी राहिलं नाही ना, ते बघतोय."

तो चौदावा खिळा बराच वेळ रिकामा होता. किती वेळ, ते मला विचारू नका. म्हातारी बसमधून उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, आणि डॉक्टर तिला बोलवत होता, आणि ती जात नव्हती.

तो आला. अंगभर पांढरी भुकटी, डोळे लाल. बिल्ला टांगला. माझ्याकडे बघून हसला.

"शाब्बास, अब्बा," तो म्हणाला. "मी पोरांना सांगतच होतो, वर माझ्या बापाची जीभ आहे, बिनघोर फोडा."

म्हातारीनं मान खाली घातली आणि बसकडे चालायला लागली.

"मी नाही चाखलं," मी म्हणालो. "त्या अम्मांनी चाखलं."

मग सगळं सांगितलं. तिथंच, टोळीसमोर. सांगून झालं तेव्हा अजमतनं पाटीवरचा स्वतःचा बिल्ला परत काढला, खिशात घातला आणि घराच्या रस्त्याला लागला. बाकीचे तेराही जण माझ्या बाजूनं निघून गेले. एकानंही सलाम केला नाही.

दुपारी असरची अजान होत होती तेव्हा जमीन एकदा हलली. खाणीच्या तोंडातून थंड वारा आणि पांढरी धूळ बाहेर आली, चहावाल्याचे पत्रे उडाले. पूल गेला, पलीकडचं दालन गेलं, तळं खालच्या दालनात उतरलं. टोळीची पाळी संपून तेव्हा दोनेक तास झाले असते. पण टोळी रविवारी उशिरापर्यंत काम करायची, जास्तीच्या मजुरीसाठी.

संध्याकाळी घरात तिघंच होतो. रेशमांनी डाळ केली होती. आधी मला वाढली, मग पातेल्यात काहीतरी टाकलं, ढवळलं, मग अजमतला वाढली. रोज ती असंच करायची. माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

अजमतनं रोटी मोडली. बिल्ला खिशात घातल्यापासून माझ्याशी बोललेला पहिला शब्द तो.

"अब्बा, मीठ कसं झालंय?"

अकरा महिने या प्रश्नाला माझं उत्तर तयार असायचं, वाह, बरोबर. जिभेच्या टोकावर आलंही होतं.

"कळत नाही," मी म्हणालो.

"घातलेलंच नाही," चुलीपाशी बसलेली रेशमां म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "लोहाराच्या लग्नानंतर एकदा विसरले, तर तुम्ही वाह म्हणालात. मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम घातलं नाही. तेव्हापासून तुमच्या ताटात मीठ नाही. तुम्ही स्वतःच सांगाल म्हणून वाट बघत होते. आणि मला वाटायचं, तुमच्यामागून आणखी कुणीतरी पाणी चाखत असेल. एवढी मोठी खाण, एकाच माणसावर थोडीच सोडतील?"

अजमतचा घास हातातच राहिला.

"अम्मी," तो म्हणाला, "रोज सकाळी खाली उतरायला माझा डबा तूच बांधून देत होतीस ना?"

रेशमांनी पदर तोंडाला लावला. त्यानं घास ताटात ठेवला, अंगणात जाऊन हात धुतले, आणि बिल्ला माझ्या ताटाशेजारी ठेवून बाहेर पडला. डाळ दोन्ही ताटांत तशीच निवत होती.